दाजींचं फिरतं पाणी

आमच्याकडं जावयाला देव मानतात, आणि देवाच्या कामात जशी कुणी चूक काढत नाही तशी त्याच्याही काढत नाही. आमचा देव पुण्यात मॅनेजर आहे. दाजी मूळचे कडेगावकडचे. माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न झालं, पुण्यात बंगला झाला, आणि तेव्हापासून त्यांना सगळंच कळायला लागलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय ते ज्याला बघायचं असेल, त्यानं दाजी आले की आमच्या आष्ट्याच्या घरी यावं. चहा मी पाजीन.

आमच्या गच्चीवर पाणी तापवायचा जुना सोलर होता. काचा खाली आणि टाकी वर, स्टँडवर. उन्हानं तापलेलं पाणी हलकं होऊन आपलं आपण टाकीत चढायचं आणि गार पाणी त्याच्या जागी खाली यायचं. ना मोटर, ना बटण. बसवल्यापासून त्यानं कधी कुरकुर केली नव्हती. बहुतेक तेच दाजींना खुपलं असावं.

या पाण्यावर आबांचा सगळा दिवस चालायचा. आबा म्हणजे आमचे वडील. तरुणपणी कुस्त्या केल्या. त्यातली बक्षिसं कुठं गेली कोण जाणे, दुखरे गुडघे तेवढे उरले. सकाळी गुडघ्यांवर कडक पाणी ओतलं की सांधे मोकळे व्हायचे, आणि मग काठी न घेता ते तालमीच्या कट्ट्यापर्यंत चालत जायचे. तिथं त्यांच्या वयाचे मोडके पैलवान बसतात आणि न झालेल्या कुस्त्याही जिंकतात. पाणी कडक नसेल तर चालणं नाही, आणि चालणं नाही तर कट्टा नाही. एवढा साधा हिशेब होता.

एका उन्हाळ्यात दाजी गच्चीवर गेले आणि कमरेवर हात ठेवून टाकीकडं बघत राहिले. खाली येऊन म्हणाले, "आबा, एवढं वजन ईशान्येला? वास्तूचा पार बोऱ्या वाजवलाय तुम्ही. टाकी नैऋत्येलाच हवी."

नैऋत्येला आमचं न्हाणीघर, आणि त्याचा स्लॅब बुटका. टाकी तिथं नेली म्हणजे ती काचांच्याही खाली आली. तापलेलं पाणी आपण होऊन खाली उतरत नाही, हे चहा उकळणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं. मी तसं म्हणालो. दाजी माझ्याकडं बघून हसले. माझं खताचं दुकान आहे; खताच्या दुकानदाराकडं बघून मॅनेजर हसतो तसं. "म्हणून तर पंप बसवायचा. फुल सर्क्युलेशन. चोवीस तास पाणी फिरतं राहणार."

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "पावणं म्हणत्यात तर बरोबरच आसंल."

टाकी उतरली, पंप बसला. दिवसा पाणी तापायचं, खोटं कशाला बोलू? पण ऊन गेलं हे पंपाला कोण सांगणार? तो रात्रभर फिरायचा आणि दिवसभर तापलेलं पाणी गार पडलेल्या काचांतून नेऊन सगळी ऊब आभाळाला वाटून टाकायचा. पहाटे नळाला गारेगार पाणी. विजेचं बिल भरून पाणी गार करणारं घर आख्ख्या वाळवा तालुक्यात आमचंच असेल.

मी दिवेलागणीला पंप बंद केला. लगेच दाजींचा फोन. पंपाचं बटण त्यांनी स्वतःच्या मोबाईलला जोडून ठेवलं होतं आणि पुण्यात बसून ते आमच्या न्हाणीघरावर पहारा देत होते. "बंद कुणी केला? तुम्ही असं मध्येच बंद करता, म्हणून तर पाणी गार होतं." दुसऱ्या दिवशी मी वायरच उपसली. या खेपेला आबांनी मला समोर बसवलं.

"लाव ती वायर."

"आबा, तुमचं गुडघं..."

"गुडघं माझं हायती. त्यांचं मन मोडलं तर तिकडं बोलणी कुणाला बसत्याली? आपल्या पोरीलाच न्हवं?"

मी वायर लावली. त्यानंतर मी कधीही विचारलं, की आबा म्हणायचे, पाणी झकास हाय. पण थंडी पडायला लागली तसे ते उशिरापर्यंत खाटेवरच दिसू लागले. कट्ट्यावरचे लोक माझ्या दुकानात येऊन चौकशी करायला लागले. एका सकाळी मी त्यांच्या बादलीत हात घातला. पाणी बर्फ.

"आबा, हे गार हाय."

"तुजा हात गरम आसंल."

आबांचा मला राग आला, आणि दाजींचा तर इतका, की त्यांचं नाव निघालं तरी मी ताटावरून उठायचो.

दिवाळीच्या पाडव्याला दाजी आणि बहीण आले. पाडव्याची पहिली अंघोळ जावयाची, तेल-उटणं लावून. म्हटलं, बरं झालं, आता कळेल. इतकी वाट मी कुठल्या सणाची पाहिली नव्हती. पहाटे उठून मजा बघायला मागं गेलो, तर परड्यात चूल पेटलेली, वर मोठा हंडा, आणि आबा भिंतीला धरून उकळतं पाणी बादलीत ओतत होते. मी पुढं झालो तर मला हातानंच गप्प केलं. बादली त्यांनी स्वतः नेली, एकेक पाय ओढत, आणि न्हाणीघराच्या दारात ठेवून म्हणाले, "काडून ठेवलंय, पावणं. नळ सोडू नगा."

दाजी न्हाऊन आले, अंगातून वाफा निघताहेत. "बघितलंत आबा? आहे का जुन्या सोलरची हिंमत?"

"लय झकास," आबा म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. सणाचा दिवस, पण कट्ट्यावर गेले नाहीत.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. बहीण करंज्या तळत होती. म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या शहाणपणापायी आबांचं चालणं बंद झालंय, आणि आज त्याच्यासाठीच म्हाताऱ्यानं चूल फुंकली. तू गप कशी बसतीस?

तिनं झारा बाजूला ठेवला.

"दादा, आमच्या बंगल्यावरबी तसलाच पंप हाय. मी रोज त्यांच्या आदी उठते, गॅसवर पाणी तापवून बादली भरून ठेवते. त्यांना वाटतंय, टाकीचंच हाय."

"आन् तू?"

"माझी आंगूळ गारच." ती दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "आबांना सांगू नगंस. त्यांना वाटतंय, माजं तिकडं बरं चाललंय."