टोपीतला पेढा

माजलगावच्या लॅबमधल्या रक्त काढणाऱ्या बाई सुई टोचताना प्रत्येक गरोदर पोरीला विचारतात, "काय खाऊ वाटतंय गं माय?" पोरगी विचारात पडेपर्यंत नळी भरलेली असते. रिपोर्टमध्ये काय आहे, ते मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. "डॉक्टरला दाखवा," एवढंच बोलतात.

माझी लेक पहिलटकरीण. ती पोटात असताना तिच्या आईला साखर निघाली होती, म्हणून मी तिला तपासणीला घेऊन आलो. बाईंनी तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि बजावलं, "दोन तासांनी रक्त घेईस्तोवर काय खायचं न्हाई. न्हाईतर तपासणी वाया." सोबतच्यांच्या डब्याच्या पिशव्याही जप्त करून आपल्या खुर्चीमागं टांगल्या.

लेक कोमेजली. माझी माया मोठी, अक्कल बेताची. टोपीत पेढ्याची पुडी लपवलेली होती. हळूच हात वर नेला, तोच बाई ओरडल्या, "मामा, टोपी काढा! मुंग्या कपाळावर आल्यात!"

सगळं बाकडं हसलं. रडवेली लेकही हसली. टोपी पुडीसकट जप्त.

दुपारी बाई रिपोर्ट आणि टोपी घेऊन बाहेर आल्या. पुडी रिकामी.

"पेढे कुठं गेले, ताई?"

त्यांचे दोन्ही गाल फुगलेले. "डॉक्टरला दाखवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

वाईट रिपोर्टवर कुणी पेढे खात नाही, एवढं माझ्यासारख्यालाही कळतं. मी तिथंच टोपी हवेत उडवली, मुंग्यांसकट.