तळघरातली धुण्याची खोली

नाव: कादिर इस्माईल परकार. राष्ट्रीयत्व: भारतीय. जन्मगाव: बाणकोट, जिल्हा रत्नागिरी. सध्याचा मुक्काम: रियाध. व्यवसाय, इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, नोंदल्याप्रमाणे: माल चढवणारा-उतरवणारा कामगार.

शेवटचा मुद्दा सोडला तर यातलं सगळं खरं आहे. कादिर आला तेव्हा त्याचे कफील, म्हणजे व्हिसा देणारे मालक, अबू नासिर यांच्याकडे त्याच एका धंद्याचा व्हिसा शिल्लक होता, म्हणून कादिर त्या धंद्याचा झाला. प्रत्यक्षात तो त्यांची गाडी चालवतो, बागेला पाणी घालतो, एसीवाल्याशी हिंदीत भांडतो आणि त्या भांडणाचा सारांश अबू नासिरना अरबीत सांगतो. माल म्हणावा असं त्यानं आजवर काही उचललेलं नाही. बाजाराच्या पिशव्याही दुकानदारच गाडीत आणून ठेवतो.

त्याची बायको शरफुन्निसा त्याच घरात स्वयंपाकाला आहे. दिवसभर ती मालकांच्या किचनमध्ये मालकांचं शिजवते आणि संध्याकाळी गच्चीवरच्या आपल्या खोलीत आपलं. ही खोली हिवाळ्यात झकास. उन्हाळ्यात मात्र टाकीचं पाणी नळाला असं येतं की त्यात चहापत्ती टाकली तर फक्त दूध घालायचं राहावं. रमजान संपल्यावर शरफुन्निसानं निर्णय सांगितला.

"आणखी एक उन्हाळा मी वर नाय काढणार. खाली तळघरात सोय करा, नायतर मी बाणकोटला जाते."

"आणि मी?"

"तुमी ऱ्हा की. तुमची गाडी एसीची हाय."

"बरं. तळघर मिळालं तर?"

"माझी चूल हवी तिथं. लोकांच्या चुलीवर दिवस जातो माझा. रात्रीची भाकरी माझ्या चुलीवरची."

तळघर रिकामंच होतं. नुसत्या सिमेंटच्या भिंती, आणि भूगोलाचे निवृत्त शिक्षक असलेल्या अबू नासिर यांचे शाळेतले गुंडाळलेले नकाशे. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. एकच अट घातली. "परवान्याशिवाय एक वीटही नाही. मी आयुष्यभर मुलांना नकाशा वाचायला शिकवलं. माझ्याच घरात नकाशात नसलेली भिंत असली तर हसतील मला."

मग कादिर इंजिनिअरिंग ऑफिसात गेला. तिथं नकाशे काढायला क्षितिजा नावाची नागपूरची मुलगी होती, आणि रियाधसारख्या गाड्यांच्या शहरातही कामाला मेट्रोनं येत होती, त्यावरून नवीनच असावी. समोरचा माणूस मराठी बोलतो म्हटल्यावर तिनं चहा मागवला आणि पेन्सिल उचलली.

"राहायची एक खोली चालेल, काका. हवेसाठी उघडा चौक हवा आणि बाहेर पडायला दुसरा जिना. ही बाजूची खोली कशाची?"

"कपडे धुण्याची."

"ओटा आहे म्हणता. सिंक आहे. आणि ही चिमणीची जागा?"

"कपडे वाळायला नकोत?"

"किचन आहे ना हे?"

कादिर पुढे झुकला. "बाई, तो शब्द काढूच नका."

"विचारून तर बघू. नियम मलाही पाठ नाहीत."

"विचारायचं नाय. विचारलं की नाय म्हणतात. नाय म्हटलं की लिहून ठेवतात. मग आपण काय करणार?"

हे कादिरचं सरकारविषयीचं संपूर्ण चिंतन होतं. क्षितिजानं सुस्कारा टाकला आणि नकाशात वॉशिंग मशीन काढलं.

परवाना मिळाला. भिंतींना रंग लागला, दुसरा जिना झाला, चौकातून उजेड खाली उतरला. शरफुन्निसानं दोनदा येऊन ओट्यावरून हात फिरवला आणि जाण्याचं बोलणं थांबवलं. गावी जायचं जूनचं तिकीट मात्र तिनं आधीच काढून ठेवलं होतं. आता राहिली शेवटची तपासणी. तेवढ्यासाठी कादिरनं मालकांचं वॉशिंग मशीन खाली आणवून ओट्याला टेकवलं. गॅसची शेगडी पडद्यामागे गेली.

निरीक्षक आला. हम्माद नावाचा तरुण, शांत माणूस. त्यानं जिने मोजले, चौक मोजला, धुण्याच्या खोलीत डोकावला, मशीनकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, "तमाम," म्हणजे सगळं ठीक. वर मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, अबू नासिरनी त्याला कहवा आणि खजूर दिले. कादिर जिंकला होता. आता पाहुण्यानं उठून जायचं, एवढंच बाकी होतं.

"आणखी कहवा नको," हम्माद उठत म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही."

बाणकोटला कादिरच्या आईच्या हातून तलाठी उपाशी गेला नव्हता, वायरमन गेला नव्हता, दुसऱ्याच परकारांकडे निघून चुकून त्यांच्या दारात आलेला पोलीसही नाही. कादिरनं स्वतःचा आवाज ऐकला: "पाच मिनिटं बसा."

त्यानं फोनवर बायकोला एवढंच सांगितलं, की साहेब उपाशी आहेत. ते पुरेसं होतं. थोड्या वेळात घावन आले, जाळीदार, वाफाळते, सोबत नारळाचा रस. हम्मादनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला विचारलं, "हे बनतंय कुठे?"

"मोठ्या किचनमध्ये," कादिर म्हणाला.

त्याच क्षणी शरफुन्निसा पुढची ताटली घेऊन तळघराच्या जिन्यानं वर आली. तिच्यामागून तव्याचा धूरही आला.

"तुमचं मोठं किचन जमिनीखाली आहे?" हम्मादनं विचारलं.

सगळे खाली गेले. ओट्यापुढची जागा मशीननं अडवली होती, म्हणून शरफुन्निसानं शेगडी मशीनवरच ठेवली होती.

"पीठ खालच्या फ्रीजमध्ये होतं," शरफुन्निसा कादिरला मराठीत म्हणाली. "मी काय करणार?"

"तपासणी पास होत नाही," हम्माद म्हणाला. "तळघरात गॅस? तुम्ही याच्या शेजारी झोपणार होता?"

कादिरला जूनचं तिकीट दिसलं. आणि गच्चीवर एकटाच बसून दुकानातली खुब्जची रोटी खाणारा तो स्वतःही दिसला.

"विजेची शेगडी लावा," हम्माद पुढे म्हणाला. "धूर छतापर्यंत नेणारी नळी लावा. नकाशात किचन लिहा. मी पुन्हा येतो."

"किचन मिळतं?" कादिरनं विचारलं.

"मागितलं होतं कुणी?"

शरफुन्निसानं उरलेला घावन पुढे केला. हम्मादनं हात आडवा धरला. "आधीचे पाहुणा म्हणून खाल्ले. आता निकाल द्यायचा आहे. आता नको."

क्षितिजानं वॉशिंग मशीन खोडून शेगडी काढली आणि खोलीवर ठळक अक्षरांत 'किचन' लिहिलं. दुरुस्त नकाशा मंजूर झाला, नळी छताबाहेर गेली. हम्माद पुन्हा आला तो घरून जेवून आला, आणि या वेळी तपासणी पास झाली. शरफुन्निसानं विजेच्या शेगडीवर तवा ठेवला, पाण्याचे थेंब उडवून पाहिले आणि म्हणाली, "तापतो." दुसऱ्या दिवशी कादिरनं तिकीट रद्द केलं.

मग सामान गच्चीवरून तळघरात न्यायचं होतं. घराला लिफ्ट नव्हती. कादिरनं बाह्या सरसावल्या आणि, इकामा हातात आल्यापासून पहिल्यांदाच, माल उतरवायला घेतला. दुसऱ्या फेरीला, गव्हाच्या डब्यापाशी, त्याची कंबर धरली.

बाकीचा माल शरफुन्निसानं उतरवला.