ओल्या फडक्यांखालची नोरा

दगडकाका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, कानांकडे बघत. पहिल्याच भेटीत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझे कान वडिलांचे नाहीत." नवरा संध्याकाळभर धुमसत होता. आईकडून आलेत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

२००१ साली आम्ही अमेरिकेत ट्रॉयला घर घेतलं, तेव्हा हे आयरिश शिल्पकार शेजारी होते. दोन पुस्तकंही लिहिली होती त्यांनी. गाडी बाहेर बर्फात आणि गॅरेजमध्ये दगड, म्हणून आमच्या मुलींनी ठेवलेलं हे नाव. धुळीनं छाती भरली तरी मास्क लावत नसत. मी ओरडले की म्हणत, "आली मुकादमीण!"

त्यांची बायको नोरा फोटो काढू देत नसे. पाच वर्षं मी तिला कुंपणापलीकडे रोज बघत होते. ती गेल्यावर काका आठवणीतून तिचा चेहरा मातीत घडवू लागले. आधी माती, मग दगड, ही त्यांची रीत. दीड वर्ष ते काम चाललं होतं. रोज काम संपलं की त्यावर ओली फडकी गुंडाळत.

एका जानेवारीत श्वास कोंडला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. किल्ली देताना म्हणाले, "नोराकडे बघ."

मी यादी केली. टपाल, कुंड्या, पाइप गोठू नयेत म्हणून हीटर, गॅरेज. कुबट फडकी बघून मला राहवलं नाही. ओलं फडकं तसंच ठेवायचं नाही, ही आईची शिस्त. काढली, धुतली, वाळवली, घड्या घातल्या. आठवड्यानं गेले, तर माती सुकून कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग. घाबरून पाणी ओतलं. गाल माझ्या हातात आला, मग बाकीचंही ढासळलं.

काका नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन परतले. दारातच सांगितलं, "काका, माझ्यामुळे मोडली."

ते त्या ढिगाऱ्यासमोर बसले. नजर शेजारच्या फडक्यांवर गेली. मग म्हणाले, "घड्यासुद्धा घातल्यास?"

"हो."

"नोरा खूश झाली असती. माझ्या फडक्यांवरून रोज भांडायची."

हातात आता ताकद नव्हती. म्हणाले, "वही आण. मी सांगतो, तू लिही." रोज चारला मी जायची. ते एकेक शब्द तोलून नोराचा चेहरा सांगत. "कपाळ रुंद नको लिहूस. हट्टी लिही." भुवयांना तीन दिवस लागले, नाकाला चार. मग मी 'ओठ' असं लिहून थांबले.

"उद्या," ते म्हणाले. "तिथे घाई नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. या वेळी ते परतले नाहीत.

वही माझ्याकडेच राहिली. ते पान पुरं करायला मी कितीदा तरी बसले. कुंपणाला टेकून हसणारी नोरा दिसते, तिचा निळा स्वेटर दिसतो. ओठ आठवत नाहीत.