धारूर, जाऊन-येऊन

आमच्या घरात कुठलाही निर्णय आधी कागदावर होतो. आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरी संपली, पण कागद सुटला नाही. गाडी घ्यायची ठरली तेव्हा यांनी फुलस्केपच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लहान बॅटरीची गाडी, उजवीकडे मोठ्या बॅटरीची. दोन्हींत चार लाखांचा फरक. त्या फरकाखाली लाल शाईच्या दोन रेघा. रोज सकाळी चहाबरोबर तो कागद माझ्यापुढं सरकायचा आणि मी तो बशीखाली ठेवायची.

डावा गुडघा बदलल्यापासून मला क्लच दाबवत नव्हता. यांचं गाडी चालवणं म्हणजे सपाट रस्त्यावर चाळीस आणि घाटात रामरक्षा. घरावर सोलर बसवलेलं, म्हणून विजेचीच गाडी घ्यायची इथपर्यंत आमचं एकमत होतं. पुढं भांडण. यांचं म्हणणं, बीडमध्ये भाजी आणायला आणि लग्नांना जायला मोठी बॅटरी कशाला? पण मला गाडी भाजीसाठी नको होती. मला ती धारूरला जायला हवी होती.

धारूरला माझी थोरली बहीण एकटी राहते. आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. आक्कानं मला उचलून आपल्या सासरी नेलं, शिकवलं, आणि नर्सिंगला घातलं तेही तिनंच. तिच्या सासूनं त्यावरून तिला काय काय ऐकवलं ते मी माजघरातून ऐकलेलं आहे. आता मेव्हणे नाहीत, मुलगा पुण्यात, आणि आक्का धारूर सोडायचं नाव काढत नाही. एसटीची पायरी माझ्या गुडघ्याला झेपेना. कुणाची गाडी मागून गेले की त्याच्या तोंडाकडं बघत तासाभरात उठायचं, आणि तो माझा स्वभाव नाही. सकाळी निघावं, तास-दीड तास आक्काजवळ बसावं, दिवस मावळायच्या आत घरी यावं, आणि यात कुणाचा मिंधेपणा नको, एवढंच मला हवं होतं. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. लहान गाडीसुद्धा कंपनीच्या आकड्यानुसार त्याच्या दुप्पट जायची. मग माझं अडलं कुठं, असं यांचं विचारणं.

अडलं ते आमच्या मिस्त्रींमुळं. आमची जुनी गाडी अठरा वर्षं त्यांनी जगवली होती. गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. आवाजच नसलेल्या गाडीबद्दल ते काय सांगणार, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी आधीच चार जणांना गाठून चौकशी केलेली.

“शिस्टर, कंपनीचा आकडा म्हंजे लग्नाच्या स्थळाची माहिती,” ते म्हणाले. “खोटं काई नसतंय, पन समदं बी नसतंय.”

कंपनी गाडी पळवते ती सपाटीवर, एसीशिवाय, एकट्या ड्रायव्हरला घेऊन. बीडच्या गाडीत एकटं माणूस कधी बसलंय, असं त्यांनी विचारलं. पुढं दोन, मागं चार, मांडीवर एक आणि डिकीत पोतं. आणि धारूरला जायचं तर घाट. शोरूमवाला गावातल्या गावात एक चक्कर मारू देतो, त्यात काय कळणार? मग मिस्त्रींनीच जवळच्या पाली गावच्या एका गिऱ्हाइकाची लहान बॅटरीची गाडी दिवसभरासाठी मागून आणली. खरं काय ते रस्त्यावर बघू, म्हणाले.

ऐन उन्हाळ्यातला दिवस. मी चालवायला, हे शेजारी कागद-पेन घेऊन, मिस्त्री मागं. खरी परीक्षा हवी म्हणून यांनी घरातलं ज्वारीचं पोतं डिकीत टाकलं. ते वजनापुरतं न्यायचं आणि परत आणायचं. मी हसले, पण मलाही ते पटलं होतं. आमच्या दोघांच्याही डोक्यात त्या पोत्याबद्दल दुसरं काही आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

निघताना पडद्यावर ब्याण्णव टक्के होते. वडवणीला बहात्तर. हे एसी बंद करायचे, मी चालू करायची. तेलगावला बासष्ट. तिथून घाट लागला. गाडी चढायला वाघीण, आवाज नाही, घरघर नाही. पण आकडा असा उतरायला लागला की दर वळणाला हे मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मला तापाच्या पेशंटचा पारा बघितल्यासारखं होत होतं. आक्काच्या दारात गाडी उभी केली तेव्हा चव्वेचाळीस उरले होते. येताना अठ्ठेचाळीस खर्च, जवळ चव्वेचाळीस. मिस्त्री म्हणाले, उतारावर गाडी थोडी परत भरते, पोचाल काठावर. काठावर पोचणं मला नको होतं. माझा निर्णय तिथंच झाला. मोठी घ्यायची, चार लाख गेले तर गेले.

आक्का दारात उभी होती. मी यायच्या दिवशी ती नेहमीच अशी असायची. धुतलेलं पातळ, चापून बसवलेले केस, चुलीवर चहाचं आधण. मी बसल्या बसल्या तिला सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “मी मोठ्या बॅटरीचीच घेणार आहे. तुझ्या दारात वायर सोडायचीसुद्धा पाळी येणार नाही.”

आक्कानं चहाचं पातेलं खाली ठेवलं. डिकी उघडी होती. तिनं विचारलं, ते पोतं कशाचं. ज्वारीचं, वजनासाठी आणलंय, परत न्यायचंय, असं आमच्या ह्यांनी खुलाशासकट सांगितलं.  ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली, “आपल्या बापाच्या दारात पावन्याची गाडी सुटली की आदी बैलांपुढं कडबा पडायचा. मंग पावन्याला पानी. येकजन आपला कडबा गाडीला बांधून आलता. बापानं त्याला जेवू घातलं, पन परत कदी त्याच्या दारी गेला न्हाई.”

मी उघड्या डिकीकडं बघितलं.

“तू आता कडबा बांधून येनार,” ती म्हणाली.

मला राग आला. मी तिला म्हटलं, कडबा शेतात येतो, वीज विकत येते, युनिटला पैसे पडतात, तुझ्या एकटीच्या बिलात माझी गाडी कशाला? मी तीस वर्षं दवाखान्यात लोकांना दटावलेलं आहे. दटावण्याचा आवाज मला आपोआप लागतो. आक्कानं तो आवाज मीच पहिलीत असल्यासारखा ऐकून घेतला.

“बिल येतंयच की,” ती म्हणाली. “कुनी न्हाई आलं तरी येतंय.”

 ज्या बाईनं सासूची बोलणी खाऊन मला ताटात वाढलं, तिच्या घरी मी तिचं काही देणं लागू नये म्हणून चार लाख मोजायला निघाले होते, आणि त्याला स्वाभिमान म्हणत होते. माझा राग माझ्याकडंच वळला.

मिस्त्रींनी काही न विचारता डिकीतून वायर काढली. मेव्हण्यांच्या वेळची कडबाकुट्टीची मोटार कधीच विकली होती, पण तिचा मोठा पॉइंट ओसरीत होता. वायर जोडली तर चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग सुकलंय, मिस्त्री म्हणाले, मीठ आणि पाणी घाला. मी उठेपर्यंत आक्कानं मुठीनं मीठ आणलं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी स्वतः ओतलं. मी नको नको म्हणत होते, ती ऐकत नव्हती. दिवा हिरवा झाला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मिस्त्रींनी ज्वारीचं पोतं उतरवून मुकाट्यानं तिच्या माजघरात ठेवलं. मग निदान तीन तास लागतील असं सांगून ते बाजारात ओळखीच्या गॅरेजवर गेले. हे जेवून बाजेवर आडवे झाले आणि घोरायला लागले.

इतका वेळ मी आक्काकडं किती वर्षांत बसले नव्हते ते मला आठवेना. पहिला तास नेहमीसारखा गेला. सगळ्यांची विचारपूस, पुण्याच्या नातवाचं कौतुक, शेजारणीची गाऱ्हाणी. दुसऱ्या तासाला आमच्या गप्पा संपल्या. तिसऱ्या तासाला आक्का दमली आणि तिचं माझ्यावरचं लक्ष सुटलं. ती उठली ती भिंतीला हात लावत, पावलं मोजल्यासारखी. पुन्हा चहा टाकला. कपात ओतताना तिनं डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत धरलं, आणि बोटाला चटका बसल्यावर ओतायचं थांबवलं.

हे मी पेशंटमध्ये शंभरदा पाहिलंय. मी उठून तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडं केलं. उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी. डावा डोळाही पिकायला आलेला.

“किती दिवस झाले?”

“झालं की वरीस.”

“मला सांगितलं कावून नाहीस?” माझ्या तोंडून तिचाच शब्द गेला.

“कवा सांगू? बसतीस येक तास. त्यात अर्धा वेळ घड्याळाकडं बगतीस.”

माणूस बघून दुखणं ओळखते म्हणून मी मिरवत आले. आणि माझ्याच बहिणीचा डोळा वर्षभर विझत गेला तो मला दिसला नाही, कारण मी आले की ती त्या एका तासापुरती सजून, सावरून, पाठ केल्यासारखी घरात वावरायची. आक्का मला कंपनीचा आकडा सांगत होती आणि मी तो खुशाल घरी घेऊन जात होते. मला रडू आलं. तिनं चाचपून माझ्या तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, एवढं काय, मोतीबिंदूच हाय.

त्या दिवशी आम्ही भरपूर टक्के घेऊन घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कागद सरकला तेव्हा मी डाव्या बाजूवर बोट ठेवलं. लहानच घेऊ, म्हटलं. यांना वाटलं लाल रेघांचा विजय झाला. दोन दिवस हे फार खुशीत होते, मीही ती मोडली नाही.

गाडी यायला पावसाळा उजाडला. पहिल्या खेपेला आक्काला घेऊनच बीडला आले आणि तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. महिनाभर ती आमच्याकडं राहिली, आमच्या ह्यांच्या हिशेबात चुका काढल्या, आणि मग घर, घर करायला लागली. ज्या डोळ्यानं तिला कप दिसत नव्हता त्यानं ती आता सुईत दोरा ओवते. डाव्याचं थंडीनंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

तिला धारूरला सोडल्यावर पहिल्यांदा मी एकटीच गेले तो शनिवार होता. अकराला पोचले, पंचेचाळीस टक्के उरले होते. उतरल्या उतरल्या वायर तिच्या पॉइंटला लावली. चार्जरवरचा दिवा भरताना लुकलुकतो आणि भरली की स्थिर होतो, हे तिला दाखवलं. तिनं विचारलं, किती वाजता भरंल? गाडी चार-साडेचारला भरते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“जुना पॉइंट आहे,” मी म्हटलं. “उद्या सकाळ होईल.”

ती बरं म्हणाली. दुपारी आम्ही दोघी झोपलो, उठून शेंगा फोडत बसलो, मोठ्यानं भांडलो, परत चहा केला. दिवस कलल्यावर आक्का उठली, भिंतीला हात न लावता ओसरीत गेली आणि चार्जरपुढं चांगलं वाकून उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हिरवा दिवा स्थिर होता. तो मला चष्म्याशिवाय इतक्या लांबून दिसत होता.

ती आत आली.

“लुकलुकतंय आजून,” ती म्हणाली. “लई बाकी हाय.”

मी परात घेतली आणि दोघींच्या भाकरीचं पीठ काढलं.