वर्तमानपत्रात फोटो आल्याचा दंड

फेलिस्ता नाम्पोटा चिडकी आहे, हे बलाका गावातलं शेंबडं पोरही सांगेल. नेत्रविभागात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. हात न धुता आत येणाऱ्या डॉक्टरलाही तिने दाराबाहेर उभं केलेलं. ती निवृत्त झाली तशी बलाका सेवा क्लबने तिला सभासद करून घेतलं आणि शिस्तप्रमुखाची पितळी घंटा तिच्या हातात दिली. ही घंटा पुढे कोणावर वाजेल याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

क्लबची बैठक दर गुरुवारी, दुपारच्या जेवणाला. तिकडे बाईला ‘मायी’ आणि पुरुषाला ‘बाम्बो’ म्हणायची रीत. उशिरा आलात, दंड. फोन वाजला, दंड. वर्तमानपत्रात फोटो छापून आला तर सगळ्यांत मोठा दंड, आणि तो काय असावा हे शिस्तप्रमुखाने ठरवायचं. औषधांच्या दुकानवाल्या फिरीला तिने एकदा सगळ्यांची ताटं धुवायला लावली होती. अध्यक्ष बाम्बो कालिंदे मात्र खिशातून नोट काढायचे, दंडाच्या डब्यात टाकायचे आणि ‘फोटो बरा आलाय ना?’ असं वर विचारायचे. सिमेंटचा व्यापारी तो. अध्यक्षपद एका वर्षाचं, आणि हौस सात जन्मांची.

जूनच्या सुट्टीत क्लबने शाळेच्या वर्गांमध्ये मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. बावीस शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फेलिस्ताने एकेकाची पट्टी सोडली, डोळा पुसला, थेंब घातले. ऐंशीच्या घरातली बिती सायदी शेवटच्या बाकावर होती. तिचे दोन्ही डोळे गेलेले; उजवा झाला होता, डावा तीन आठवड्यांनी, दुसऱ्या शिबिरात व्हायचा होता. पट्टी सुटली तशी म्हातारी बराच वेळ टक लावून बघत राहिली.

“अगं मायी, केवढ्या आठ्या तुझ्या कपाळावर!”

फेलिस्ता हसली. असं फार क्वचित व्हायचं.

तेवढ्यात कापडी फलक घेऊन कालिंदे आले आणि दारातच थबकले. “मायी, हे काय करून बसलात? ब्लांटायर शहरातून क्लबचे मोठे साहेब यायचेत अजून! पट्टी त्यांच्या हातून सोडायची होती.”

“मग साहेबांनी आठला यायचं.”

“निदान एकीची तरी परत बांधा. फोटोपुरती.”

“डोळा आहे तो, बाम्बो. तुमच्या दुकानाची फीत नाही.”

एवढं बोलून ती शेजारच्या वर्गात औषध घालायला गेली. परत येऊन बघते तर फलकाखाली खुर्ची मांडलेली, खुर्चीत बिती सायदी, आणि तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी. फेलिस्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गाठ सोडायला धावली, तर म्हातारीनेच तिचं मनगट धरलं.

“राहू दे गं. दुसऱ्या डोळ्याची यादी त्यांच्याकडे आहे म्हणाले.”

चार वर्षं अंधारात काढलेल्या बाईला सकाळी उजेड मिळाला, आणि तो तिनेच मुकाट्याने परत केला, कारण उरलेला उजेड एका सिमेंटवाल्याच्या खिशात होता. फेलिस्ताने ती पट्टी काढून फेकली आणि धुतलेल्या हातांनी नवी बांधली. दहाला सोडून थेंब घातले, पुन्हा बांधली. बाराला तेच. दर वेळी गाठ मारताना तिला स्वतःच्याच हातांची शरम वाटत होती.

साहेब दोन वाजता आले. कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी पट्टी सोडली आणि विचारलं, “हं अगोगो, आजीबाई, काय दिसतंय?”

“सकाळी दिसलं होतं तेच,” म्हातारी सरळपणे म्हणाली. “ही मायी आणि तिच्या आठ्या. आता जरा वाढल्यात.”

सगळा वर्ग हसला. साहेबांचा चेहरा उतरला, कालिंद्यांचा काळवंडला. फोटो तरीही छापून आला. दुसऱ्या शिबिराच्या यादीत मात्र बिती सायदीचं नाव नव्हतं. फेलिस्ताने विचारलं तेव्हा कालिंदे म्हणाले, “जागा नाही.”

गुरुवारी ताटांत मक्याच्या पिठाची उकड, म्हणजे एन्सिमा, आणि चांबो मासा वाढला होता. फेलिस्ताने घंटा वाजवून वर्तमानपत्र उघडलं. कालिंद्यांनी हसत नोट पुढे केली.

“नोट ठेवा खिशात.” तिने पिशवीतून पट्टी काढली. “दोन्ही डोळे बांधून जेवायचं.”

“मायी, चेष्टा पुरे झाली.”

“नियम म्हणजे नियम, बाम्बो!” फिरी ओरडला. ताटं धुतल्याचं तो विसरला नव्हता. “मी भरला की नाही दंड?” त्याबरोबर सगळ्यांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. अध्यक्षांना बसावंच लागलं.

फेलिस्ताने पट्टी घट्ट बांधली. कालिंद्यांचा हात आधी पाण्याच्या भांड्यात गेला, मग मिरचीत. माशाचा काटा टाळूला टोचला. कोणीतरी हसलं.

“कोण हसतंय? कोण आहे ते?” त्यांचा आवाज चढला.

आता आणखी दोघं हसले. पाच मिनिटांतच त्यांच्या कपाळावर घाम आला. “झालं ना आता? सोडा.”

“बिती सायदी. डावा डोळा.” फेलिस्ताने अध्यक्षांच्या कागदांतून शिबिराची यादी ओढली, तीत नाव लिहिलं, ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि लेखणी त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी चाचपडत, ओळ सोडून वाकडीतिकडी सही केली.

“केली सही! आता तरी सोडा!”

फेलिस्ताने यादीची घडी घालून पिशवीत ठेवली, हात धुतले आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

“थांबा की जरा,” ती म्हणाली. “साहेब यायचेत अजून.”