लुगड्याचा बाष्पदाब

उभी हयात मी वाफा मोजल्या. कोणी विचारलं, 'काम काय करता?' तर एवढं सांगून गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. मग मी समजवायला लागायचो. बघा, कुठलाही पदार्थ, पातळ असो की घट्ट, थोडाथोडा हवेत पळत असतो. किती जोरानं पळतो त्यावरून त्याचा बाष्पदाब ठरतो. कारखान्यात नवं रसायन आणायचं तर ते माणसांच्या नाकातोंडात किती जाईल हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी आमची प्रयोगशाळा. एव्हाना ऐकणारा स्वतःच पळालेला असायचा.

पद्धत सोपी. पदार्थ बारीक भोकाच्या डबीत ठेवायचा, भोवतालची हवा उपसून काढायची, तापमान कायम राखायचं आणि वजन किती घटलं ते बघायचं. नव्या पोरांना मी एकच मंत्र द्यायचो, 'काट्याला किती गेलं ते कळतं, कोण गेलं ते कळत नाही.' पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर तेही उडतं, आणि काटा बिचारा सगळं एकातच धरतो. पोरं माझ्या पाठीमागे माझाच आवाज काढून हे वाक्य म्हणायची.

या कामात माझं नाक गेलं. एकदा एका बाटलीचा भपकारा असा बसला की तेव्हापासून बांगडा आणि साबण मला सारखेच. निवृत्त होऊन धामापूरजवळ गावी आलो तेव्हा बायको म्हणाली, 'बरा झाला. आता दारात सुकी मासळी घातली तरी तुमची कटकट नाय.'

मग मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं आणि मला समोर बसवून सांगितलं, 'हिच्या रक्तात एक कमतरता आहे, ती बाळातही येऊ शकते. अशा बाळाला डांबरगोळ्यांची वाफ लागली तर रक्तपेशी फुटतात, कावीळ जिवावर बेतते. घरात गोळ्या असतील तर काढा, त्यांच्यातले कपडे बाळाजवळ नेऊ नका.' मी जाणकारासारखी मान डोलावली. वाफांचा पंडित! आणि ज्या पलंगावर मी घोरतो, त्याच्याच खाली डांबरगोळ्यांनी भरलेली ट्रंक!

त्या ट्रंकेत सासूबाईंचं लुगडं होतं. आमच्याकडे पोराला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. घरातल्या जुन्या बाईच्या अंगावर विरलेलं लुगडं फाडून त्यात गुंडाळतात. सासूबाई गेल्या तेव्हा बायकोच्या भावजयांनी दागिने वाटून घेतले आणि तिनं आईचं एवढं लुगडं मागून आणलं, नातवंडासाठी. अधूनमधून ट्रंक उघडून ती त्यात तोंड खुपसून बसायची. झुरळं बघत असेल, असं मी समजायचो.

गोळ्या मी त्याच दिवशी लांब नेऊन पुरल्या. मग म्हटलं, 'लुगडंही टाकूया.'

'लुगडा टाकूचा नाय,' ती म्हणाली. 'त्येच्यातच गुंडाळूचा आसा पोराक. इतकी वर्सां वाफो मोजल्यात ना? मग घालवा वास!'

झालं! माझ्या अंगात प्रयोगशाळा संचारली. बाजारातून सोनाराकडे असतो तसला बारीक काटा आणला. लुगड्याची चिंधी कापून पडवीत टांगली. गोळीची वाफ उडेल तसं वजन घटेल, घटायचं थांबलं की कापड सुरक्षित. सकाळी वजन केलं, दुपारी केलं. वजन वाढलं! काटा बदलून आणला. तरी वाढलं. मुलीला मी त्या ट्रंकेच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हतो, ती लांबूनच विचारायची, 'बाबा, वाढतंय कसं?' बायको म्हणाली, 'लुगड्याक दिवस गेले आसतीत.' दोघी पोट धरून हसल्या. मला रात्री जेवताना उलगडा झाला. खाऱ्या दमट हवेत कापड पाणी पीत होतं. जन्मभर हवा उपसून काढल्यावरच काटा बघणारा मी, मला हवा असते हेच ध्यानात राहिलं नव्हतं.

काटा बायकोनं हळद मोजायला घेतला. उरला साधा उपाय. उकळत्या पाण्यात लुगडं धुवायचं, घरापुढच्या खळ्यात दोरीवर उन्हावाऱ्यात टाकायचं, आणि संध्याकाळी हुंगायचं. हुंगायचं कोणी? माझं नाक मेलेलं. तेव्हा उपकरण म्हणून बायकोची नेमणूक झाली.

'येतो वास?'

'येता.'

परत हंडा, परत ऊन. लुगड्याचा रंग गेला, काठ विरले, मी मात्र ईर्षेला पेटलो होतो. एका संध्याकाळी तिनं लुगडं तोंडाशी धरलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

'येतो?'

'येना नाय.'

'शून्य!' मी ओरडलो. खळ्यात एक गिरकी मारली. मुलीला हाक मारून सांगितलं, की बघ, अखेर विद्या कामाला आली. मागे वळलो तर बायको पायरीवर बसलेली, लुगडं मांडीवर.

'आवशीचो पण येना नाय,' ती म्हणाली.

तिच्या आईचा वास. ट्रंकेत तोंड खुपसून ती झुरळं बघत नव्हती. पोरांना ऐकवायचो तो मंत्र, 'कोण गेलं ते कळत नाही', मला आठवला आणि स्वतःचा भयंकर राग आला. बरं, चूक तरी काय म्हणावी? गोळ्यांचा वास गेला नसता तर लुगडं बाळाला लावता आलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती रोज खरं सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी ते लुगडं अंगावर घेऊन निजायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, 'कोराच लावूचा काय पोराक? कोणाचो तरी वास होयो त्येका.' तोंडाला पावडर नाही, अंगाला साबण नाही. मुलगी बाळंत होईपर्यंत तिचं हे चाललं.

नातू झाला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि बाळ त्या विरलेल्या लुगड्यात आलं. बायकोनं ते गाठोडं माझ्या तोंडाशी धरलं. माझ्या नाकाची अवस्था तिला माझ्याहून जास्त माहीत.

'हुंगा बघू,' ती म्हणाली. 'माझो वास येता काय?'

मी नाक खुपसलं. मऊ लागलं, गरम लागलं.

'येता,' मी म्हटलं.