मालकाचा भाचा

"पुढे?"

समोरच्याने आपलं नाव सांगितलं की भाऊ मान थोडी तिरकी करायचे, उजवा कान जवळ आणायचे आणि एवढाच एक शब्द म्हणायचे. तुमच्यापैकी ज्यांनी मुंबईत भाड्याचं घर शोधलंय, त्यांना या 'पुढे'चा अर्थ सांगायला नको. तो आडनावाचा प्रश्न असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "गाव कुठलं?" येतं. गावानेही भागलं नाही, तर शेवटी अगदी सहज विचारल्यासारखं, "बुधवारी जेवायला काय असतं हो तुमच्याकडे?"

भाऊ घरांचे एजंट होते. मुलुंड पूर्वेला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, त्याला लागूनच त्यांचा गाळा. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या किल्ल्या. पाटीवर नुसतं 'भाऊ इस्टेट एजन्सी'. अख्ख्या जगाला आडनाव विचारणाऱ्या या माणसाचं स्वतःचं आडनाव पाटीवर नव्हतं आणि गल्लीत ते कुणी विचारलंही नव्हतं. मला मात्र न विचारताच अंदाज होता. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दर एप्रिलला पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज शिवायला टाकायच्या आणि "जयंतीच्या आत द्या हं, मागच्यासारखं नको," असं बजावून जायच्या. बाबासाहेबांची जयंती कधी असते, हे शिंपिणीला कॅलेंडर न बघता ठाऊक असतं.

मलाही घर भाऊंनीच मिळवून दिलं होतं.

"गाव?"

"देवगड."

"म्हणजे मासे आलेच."

"आलेच."

"हळू बोला ताई, भिंतीला कान असतील-नसतील, सोसायटीला नाक असतं." मग त्यांनी मला शिकवणी दिली. बाजारातून येताना मासळीची पिशवी वर कोथिंबीर ठेवून आणायची. सुकट भाजायची ती भारताची मॅच असेल त्या दिवशीच, कारण तेव्हा लोकांचे फक्त डोळे चालू असतात. मी हसत होते, पण ते अजिबात हसत नव्हते. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात सुकट क्रिकेट बोर्डाच्या सोयीने भाजली गेली.

भाऊंच्या लेखी मुलुंडात इमारती दोनच प्रकारच्या. एक 'कॉस्मो', म्हणजे कुणालाही घर देणारी. दुसरी 'फॅमिली टाइप', म्हणजे न देणारी. कॉस्मो इमारती थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याच नाल्याच्या कडेला. बाकी सगळं मुलुंड फॅमिली टाइप.

पण भाऊंची खरी करामत नकार देण्यात होती. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. कुणी मुसलमान जोडपं यायचं, कुणी एकटी नोकरी करणारी मुलगी, कुणी आपल्याच महाराष्ट्रातला पण 'पुढे'ला अडलेला. घर बघून व्हायचं, पसंत पडायचं. दुसऱ्या दिवशी भाऊ हळहळत सांगायचे, "काय करणार, मालकाचा भाचा येतोय दुबईहून. त्यालाच लागतंय घर."

हा भाचा त्यांनी स्वतः घडवला होता. शेजारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी त्यांच्याकडून तो उसना न्यायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, एव्हाना अर्धी दुबई मुलुंडात उतरली असेल. अधूनमधून अमेरिकेचा तरी आणा."

"चालत नाही ताई. अमेरिकेला गेलेला परत येतो यावर कुणाचा विश्वास बसेल का?"

"आणि जात बघून घर नाकारायचं नाही म्हणतात, त्याचं काय?"

"मग आपण कुठे नाकारतो? भाचा येतो," भाऊ म्हणाले आणि चहा बशीत ओतला. कुठल्याही कायद्याला या भाच्याला हात लावता आला नसता. एवढं बोलून ते किल्ल्यांकडे बघत बसले, आणि का कोण जाणे, त्या दिवशी चहा बशीतच निवला.

मग भाऊंची स्वतःचीच इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. नवी होईपर्यंत भाड्याने राहायचं होतं. मुलगी दहावीत, शाळा आमच्या गल्लीच्या मागे, तेव्हा घर इथेच हवं होतं. बरोबर माझ्या दुकानासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक ब्लॉक रिकामा होता. त्याची किल्ली भाऊंच्याच भिंतीवर होती.

तिथले सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, मोठे सज्जन गृहस्थ. दर प्रजासत्ताक दिनाला झेंड्याखाली संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचायचे, आणि 'दर्जाची व संधीची समानता' आलं की त्यांचा आवाज भरून यायचा. भाऊंना म्हणाले, "अहो, तुम्ही आमचेच! या, बघून घ्या. फक्त रीत म्हणून मीही येतो."

सगळं ठरल्यातच जमा होतं, म्हणून वहिनींनी पडद्यांची मापं घ्यायला मला सोबत नेलं. जिन्यात भाऊ त्यांना म्हणाले, "तू फक्त खिडक्या बघ."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी खिडक्या बघितल्या. मी टेप धरली. भाऊ नळ सोडून बघत होते, जणू स्वतःसाठी नाही, गिऱ्हाइकासाठीच. सेक्रेटरी हॉलच्या एका कोपऱ्यात उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, "वहिनी, देवघराला ही जागा बघा. पूर्वेला तोंड."

"देवघर नसतं आमच्यात," वहिनी म्हणाल्या. आवाज चढा नाही, पडका नाही, रोजचाच. "पण जागा छान आहे. इथे बाबासाहेबांचा फोटो लावीन. सकाळचं ऊन पडतंय."

नळाचं पाणी बंद झालं. सेक्रेटरी हसत होते आणि ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मान थोडी तिरकी केली. "भाऊ, इतकी वर्षं झाली, तुमचं पूर्ण नाव काही कधी विचारलं नाही. नाव माहीत आहे, पण पुढे?"

भाऊंनी एकदा वहिनींकडे बघितलं. लोकांना कोथिंबिरीखाली मासे लपवायला शिकवणारा माणूस, त्याला इथे काहीतरी सुचलं असतं. पण त्यांनी सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि कुणी विचारायच्या आत गावही.

"वा, वा," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्याकडे तसलं काही नाही हं. नाहीच."

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यावर आले. मी मशीनवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, फार वाईट वाटतंय हो. मालकाचा भाचा येतोय. अमेरिकेहून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "दुबईहून सांगायचं, साहेब. अमेरिकेचा पटत नाही." आणि खिळ्यावरून त्या ब्लॉकची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. वाटलं, रस्त्यात उभं राहून त्या सेक्रेटरींना त्यांचीच उद्देशिका ऐकवावी. मशीनवरचं कापड मात्र मी वाकडं शिवून बसले होते.

त्या महिन्यात भाऊंनी बाकीच्याही किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या. पाटी उतरवली. घर मिळालं ते पार मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, चारकोपला, एका ओळखीच्याकडे. मुलगी दहावीचं वर्षभर तिथून दोन बस बदलून शाळेला यायची. मधल्या सुट्टीत कधी माझ्या दुकानात डबा खायला बसायची आणि खाता खाताच तिला झोप लागायची.

निघायच्या दिवशी भाऊ निरोप घ्यायला आले. मापं घेतली त्याच रात्री शिवून ठेवलेले पडदे मी पुढे केले. उंच खिडक्यांचे, फिक्या निळ्या रंगाचे, वहिनींनी निवडलेले.

"तिकडच्या खिडक्या बुटक्या आहेत, ताई," भाऊ म्हणाले. "राहू द्या तुमच्याकडेच. भाच्याला लागतील."

तो ब्लॉक मशीनवर बसल्या बसल्या दिसतो. खिडक्या उघड्याच आहेत, रोज सकाळी त्या भिंतीवर ऊन येतं. पडदे मी घडी करून कपाटात ठेवलेत. भाचा काही अजून आलेला नाही.